घर दाखवायची वेळ

एजंटनं फोनवर एकच सूचना दिली होती. "मॅडम, पार्टीला सकाळी नको. चारनंतर बोलवू." मी कारण विचारलं, तर तो म्हणाला, "आईंना विचारा ना."

आईला विचारायची गरज नव्हती. विक्रोळी पूर्वेला आमच्या घरात जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री काढलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे. मुंबईत दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. थंडीत रात्री तो फिरतो आणि पहाटेपर्यंत खाडीकडून वस्तीकडे वाहतो. महामार्गाच्या पलीकडे, खाडीला लागून, कांजूरचं डंपिंग आहे. म्हणजे दुपारी चार वाजता आमच्या गॅलरीत उभं राहिलं तर छान मोकळी हवा असते, समोर गुलमोहर असतो, आणि कुणालाही वाटावं की एवढ्या किमतीत हे घर मिळतंय म्हणजे नशीबच. रात्री अकराला त्याच गॅलरीचं दार लावून खाली ओला टॉवेल अंथरावा लागतो.

वडील गेल्यावर आईनं दादाकडे बदलापूरला राहायला जायचं ठरलं. घर विकायचं होतं. दादाच्या डोक्यावर धंद्यातलं कर्ज होतं, त्याच्या मुलीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. मी दिल्लीहून महिनाभराची सुट्टी काढून आले होते, म्हणजे खरं तर अर्धवट अनुवाद लॅपटॉपमध्ये घेऊन आले होते. कागदपत्रं दादा बघणार, घर दाखवायचं काम माझं. आणि मग हा चारनंतरचा प्रश्न माझ्या वाट्याला आला.

चार वाजता घर दाखवणं म्हणजे खोटं बोलणं का? मी कुणाला काही खोटं सांगणार नव्हते. कुणी विचारलं असतं तर खरं सांगितलंही असतं. फक्त कुणी विचारणार नाही अशी वेळ निवडायची होती.

आपल्याकडचा मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५५व्या कलमात विकणाऱ्याचं पहिलंच कर्तव्य सांगितलंय: मालमत्तेतला एखादा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो कळण्यासारखा नसेल, तर तो सांगितला पाहिजे. हे 'साधारण काळजी' प्रकरण मला फार छळत राहिलं. भिंतीतली ओल पोपडे धरते, ती दिसते. वास दिसत नाही. तो कधी असतो आणि कधी नसतो. घर घेणाऱ्या माणसानं रात्री अकराला येऊन गॅलरीत उभं राहावं, ही साधारण काळजी म्हणायची की असाधारण? आणि शिवाय डंपिंग आमच्या घरात नाही. ते 'मालमत्तेतला' दोष आहे की नुसता शेजार? एखादा हुशार वकील दोन्ही बाजू सारख्याच जोरानं मांडेल. रेरा आल्यापासून बिल्डरला मंजूर नकाशे, जमिनीवरचा बोजा, चालू असलेले दावे जाहीर करावे लागतात. वारा कुठून येतो ते कोणत्याही रकान्यात लिहावं लागत नाही.

एम.ए.ला असताना सिसेरो वाचला होता तो आठवला. इसवीसनपूर्व ४४ मध्ये त्यानं आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात नेमकं हेच उदाहरण आहे. एक सज्जन गृहस्थ घर विकायला काढतो. घर रोगट आहे हे फक्त त्यालाच माहीत आहे, लोकांचा समज उलटा. त्यानं न सांगता विकलं, अपेक्षेपेक्षा जास्त पैसे आले. चुकलं का त्याचं? सिसेरो दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर बसवतो. बॅबिलोनचा डायोजिनस म्हणतो की त्यानं कुणाला घ्यायची जबरदस्ती केली नव्हती. घेणाऱ्याला डोळे आहेत, बुद्धी आहे. आणि आपलं घर रोगट आहे अशी दवंडी पिटून कुणी घर विकतं का? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो की हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही वाईट आहे, कारण इथे तुम्ही जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीच्या वाटेवर जाऊ देता. सिसेरो शेवटी अँटिपेटरच्या बाजूनं उभा राहतो. गप्प बसणं म्हणजे प्रत्येक वेळी लपवणं नव्हे, हे तो मान्य करतो. पण जे दुसऱ्याला कळणं त्याच्या हिताचं आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं, याला तो लपवणं म्हणतो. चारनंतरची वेळ या व्याख्येत अगदी चपखल बसत होती.

दादाला मी हे सांगितलं. सिसेरो वगळून. तो रागावला नाही, पण त्याचं उत्तर मला सिसेरोत सापडलं नव्हतं. तो म्हणाला, "अगं, वास किमतीत धरलेलाच आहे. रेल्वेच्या पलीकडे, पवईच्या बाजूला हेच घर किती लाखांनी महाग आहे ते बघ. आपण वासाचे पैसे आधीच कापून देतोय. पुन्हा सांगायचं कशाला? दोनदा कापायला?"

अर्थशास्त्राच्या भाषेत दादा बरोबर बोलत होता. १९७४ मध्ये शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञानं याचा पायाभूत सिद्धान्त मांडला: घराची किंमत ही एका वस्तूची किंमत नसते, ती खोल्या, मजला, स्टेशनचं अंतर, शाळा, हवा अशा अनेक गुणांच्या किमतींची बेरीज असते. एकेका गुणाची किंमत आकडेमोडीनं वेगळी काढता येते. कचराभूमीच्या शेजाराची किंमतही अशीच काढली गेली आहे. अमेरिकेत झालेल्या अशा अभ्यासांचा रिचर्ड रेडी यांनी २०१० मध्ये एकत्रित आढावा घेतला. रोज ५०० टन किंवा त्याहून जास्त कचरा येणाऱ्या जागांना लागून असलेल्या घरांची किंमत सरासरी १३.७ टक्क्यांनी पडते, आणि दर मैलामागे हा परिणाम ५.९ टक्क्यांनी ओसरतो. छोट्या जागांचा परिणाम सरासरी २.७ टक्के, त्यातल्या वीस ते सव्वीस टक्के जागांचा तर काहीच नाही. मुंबईत रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो आणि त्यातला बहुतेक कांजूरला जातो. जागेची एवढी टंचाई असलेल्या शहराला अमेरिकेतली टक्केवारी लावता येणार नाही. तरी दादाचं म्हणणं त्या आकड्यांच्या जातीचंच होतं: बाजारानं वास मोजलाय, हिशेब चुकता झालाय.

पण हिशेब कुणाचा चुकता झाला? वडिलांनी हे घर १९८६ मध्ये घेतलं. तेव्हा पलीकडे मिठागरं होती, खारफुटी होती. कांजूरला कचरा यायला लागला २०११च्या सुमारास. म्हणजे आम्ही डंपिंगकडे गेलो नव्हतो, डंपिंग आमच्याकडे आलं. जे नुकसान झालं ते त्या वेळी जो मालक होता त्याचं, एकदाच आणि कायमचं. त्यानंतर घेणाऱ्याला घर स्वस्तात मिळतं, म्हणजे त्याला वासाची भरपाई मिळालेली असते. ती भरपाई शहर देत नाही, ज्यांचा कचरा आहे ते देत नाहीत. वडिलांच्या आयुष्यभराच्या हप्त्यांतून ती जाते. आणि भाडेकरू? भाडं थोडं कमी पडतं एवढंच. ज्यांच्या नावावर काहीच नाही, घर नाही, भाडेकरार नाही, त्यांना या हिशेबात खातंच नाही. घरातल्या मुलांचंही तसंच. किंमत ठरवताना त्यांना कुणी विचारलेलं नसतं, श्वास मात्र तीच सगळ्यात जास्त काळ घेणार असतात.

यामुळेच एक जुना वाद मला नुसता अभ्यासकांचा वाटत नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञानं ह्यूस्टनमध्ये दाखवून दिलं की शहराच्या कचराभूमी मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतच काढल्या गेल्या. १९९४ मध्ये विकी बीन या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीनं पुढचा प्रश्न विचारला: कचरा गरिबांकडे गेला, की कचरा आल्यावर घरं स्वस्त झाली आणि मग गरीब तिथे आले? पहिलं असेल तर दोष जागा निवडणाऱ्याचा. दुसरं असेल तर बाजाराचा, म्हणजे कुणाचाच नाही असं आपण सहसा म्हणतो.

मुंबईकडे पाहिलं की हे दोन पर्याय वेगळे काढता येत नाहीत. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं. तेव्हा तो शहराचा शेवट होता. शहर वाढत गेलं आणि ज्यांना दुसरीकडे परवडत नव्हतं ते गोवंडी, शिवाजीनगर, बैंगणवाडीला आले. बाजारानं आणलं म्हणावं तर नुसतं तसंही नाही. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना चिता कॅम्पला हलवलं ते सरकारनं. नंतर रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेल्या हजारो कुटुंबांना मानखुर्दच्या बाजूच्या वसाहतींत पाठवलं तेही सरकारनंच. तिथेच का? तर जमीन तिथे स्वस्त होती. आणि स्वस्त का होती, हे पुन्हा सांगायला नको. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्विकासात 'अपात्र' ठरणाऱ्यांच्या घरांसाठी याच देवनारच्या जागेपैकी सुमारे १२४ एकर देण्याचा निर्णय झाला. घनकचऱ्याचे २०१६चे नियम म्हणत होते की बंद केलेल्या कचराभूमीवर पंधरा वर्षं देखरेख करून, वायू, झिरपणारं पाणी आणि जमिनीची स्थिरता तपासूनच तिथे वस्तीचा विचार करता येईल. त्यावर उत्तर असं, की आधी जुना कचरा उपसून जागा मोकळी करू. कदाचित होईलही तसं. पण 'अपात्र' माणसांसाठी जागा शोधताना शहराची नजर पहिल्यांदा कुठे गेली, हे विसरता येत नाही. पात्रतेला जसा भाव असतो, तसा जमिनीला. आणि कागदावर दोघांची गाठ घालून दिली की सगळं रीतसर दिसतं.

१९९१ मध्ये लिहिलेलं जागतिक बँकेतलं एक अंतर्गत टिपण बाहेर फुटलं होतं. लॉरेन्स समर्स यांच्या सहीचं. प्रदूषणाची किंमत बुडालेल्या मजुरीत मोजली तर घातक कचरा सगळ्यात कमी मजुरीच्या देशात टाकणं तर्काला धरून होईल, असा त्याचा आशय होता. पुढे ते उपरोधानं लिहिलं होतं असा खुलासा झाला. उपरोध असो वा नसो, जगभर त्यावर संताप झाला. देवनार आणि कांजूरमध्ये तोच तर्क एका महापालिकेच्या हद्दीत, बैठकांच्या इतिवृत्तांत, उपरोधाशिवाय रोज चालतो. त्याच्यावर कुणी संतापत नाही, कारण तो मांडावाच लागत नाही. जमिनीचा भाव तो मांडून ठेवतो.

हे लिहिताना मी साळसूद आहे असं नाही. मी पूर्व दिल्लीत भाड्यानं राहते. गच्चीवरून गाझीपूरचा डोंगर दिसतो, वर घारी फिरत असतात. ती कचराभूमी १९८४ मध्ये सुरू झाली, २००२ मध्येच तिची क्षमता संपली, तरी कचरा येत राहिला. १ सप्टेंबर २०१७ ला डोंगराचा एक भाग कोसळला आणि दोन माणसं मेली. एका अनुवादिकेच्या कमाईत मला दोन खोल्या आणि पुस्तकांसाठी एक अख्खी भिंत मिळते, ती या डोंगरामुळे. इतकी वर्षं मी तो डोंगर माझ्या भाड्यातून वजा करत आले आहे. घरमालक मध्यंतरी सहज म्हणाले, डोंगर हटला की भाडं वाढवावं लागेल. मी हसले. नंतर लक्षात आलं की डोंगर हटावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो हटला की मी इथे राहू शकणार नाही. मुलुंडचं डंपिंग १९६७ पासूनचं, ते ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झालं. लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली होती, ती रास्तच होती. बंद झाल्याचा फायदा ज्यांच्या नावावर घर होतं त्यांच्या खात्यात जमा झाला. जे इतकी वर्षं तिथे भाड्यानं राहून तोच वास घेत होते, त्यांना वाढलेल्या भाड्याचा आकडा मिळाला. डोंगरावर प्लास्टिक वेचणाऱ्यांचा तर रोजगारच गेला. वास येतो तेव्हा तो सगळ्यांच्या नाकात जातो. जातो तेव्हा त्याचे पैसे फक्त काहींच्या नावावर होतात.

इंग्रजीतल्या 'व्हॅल्यू' या शब्दापाशी अनुवाद करताना मी नेहमी अडखळते. मराठीत किंमत, भाव, मोल, मूल्य असे चार शब्द हाताशी असतात आणि चारही वेगळे. भाव रोज बदलतो. किंमत दोघांत ठरते. मोल ज्याचं त्याला कळतं. मूल्य दोघांच्या सौद्यात ठरत नाही. इंग्रजीत हे सगळं एका शब्दात बसतं, म्हणून तिथे घराची 'व्हॅल्यू' पडली असं म्हणताना नक्की काय पडलं हे सांगावं लागत नाही. मराठीत ते सांगावं लागतं. कांजूरला घरांचा भाव पडला, किंमत कमी झाली. आईच्या लेखी घराचं मोल तेवढंच राहिलं. वडिलांनी लावलेला गुलमोहर ती जाईपर्यंत रोज बघत होती. आणि पहाटे श्वास घेता येणं याचं जे काही मूल्य आहे, त्याचा उल्लेख या सौद्यात कुठेच नव्हता.

दादाच्या युक्तिवादातली खोच मला इथे सापडली. किंमत कमी आहे म्हणजे वास सांगून झाला, असं होत नाही. किंमत फक्त एवढंच सांगते की काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते माणसानंच सांगावं लागतं. ज्याला कारण माहीत आहे त्यानं स्वस्त घर घेणं हा सौदा आहे. ज्याला माहीत नाही त्यानं तेच घर त्याच किमतीत घेणं हा सौदा नाही, आकडा तोच असला तरी.

चौथी पार्टी गोवंडीची होती. नवरा-बायको आणि सात-आठ वर्षांचा मुलगा. ठरल्याप्रमाणे चारला आले. एजंट गॅलरीचं दार उघडून हवा दाखवत होता. बाई स्वयंपाकघरात नळ उघडून पाहत होत्या. मी तिथे जाऊन म्हटलं, "एक सांगायचं होतं. रात्री इथे डंपिंगचा वास येतो. थंडीत जास्त. खिडक्या लावून घ्याव्या लागतात."

त्यांनी नळ बंद केला. "माहितीये ताई. परवा रात्री अकराला येऊन गेलो आम्ही. खाली गेटपाशी अर्धा तास उभे होतो." मग मुलाकडे पाहून म्हणाल्या, "याला दम्याचा त्रास आहे. आमच्या तिथे दिवसापण येतो वास. इथे निदान दिवसा नाही."

म्हणजे कायद्यातली साधारण काळजी त्यांनी घेतली होती. ती काय असते हे मला त्यांच्याकडून कळलं: ज्याला आयुष्यभर वास घ्यावा लागला, त्याच्यासाठी रात्री अकराला गेटपाशी उभं राहणं ही साधारण गोष्ट असते. माझा सगळा नैतिक पेच त्यांनी नळ बंद करता करता सोडवला होता. आणि सोडवला म्हणावं तर तसंही नाही, कारण आठवड्याभरानं एजंटचा फोन आला. पार्टीचं म्हणणं होतं, ताईंनी स्वतःच सांगितलंय वास येतो म्हणून, तर दोन लाख कमी करा.

दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "खरं बोललीस ते बरोबरच. पण त्यातले अर्धे पैसे माझे होते. मला विचारलं असतंस तर मीही कदाचित हो म्हटलं असतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सिसेरोच्या उदाहरणातला घरमालक एकटा आहे. त्याच्या खरेपणाची किंमत तो एकटाच भरतो. माझी भरायला दादाही होता. माझ्या वाट्यातून एक लाख त्याला द्यायचे मी ठरवले, ते त्यानं घेतले नाहीत, मग भाचीच्या फीमध्ये घातले.

तरीही पुन्हा तो प्रसंग आला तर मी सांगेन, आधी दादाला विचारून. कारण वास लपवून मिळालेले दोन लाख आले असते ते त्या मुलाच्या दम्यातून. आणि त्या बाईंनी घासाघीस केली यात मला वावगं वाटत नाही. त्या मला शिक्षा करत नव्हत्या. किंमत ज्या कारणासाठी कमी असायला हवी, ते कारण त्यांनी तोंडानं बोलून दाखवलं आणि मला आकड्यात मान्य करायला लावलं. खरं तर हे कारण मोठ्यानं बोलायचं काम त्यांचंही नव्हतं आणि माझंही नव्हतं. ज्यांच्या घरांना कचऱ्याचा वास येत नाही, त्यांच्या घरांच्या किमतीत आमचा वास जमा आहे. त्यांच्याकडे कधी कुणी दोन लाख मागायला जात नाही.

मार्चमध्ये व्यवहार झाला. किल्ल्या देताना आईनं त्या बाईंना गॅलरीच्या दाराखाली टॉवेल कसा घालायचा ते दाखवलं. घडी आडवी नको, उभी घालायची, म्हणजे वारा सरकवत नाही. बाईंनी मान डोलावली. त्यांना ते आधीपासून येत असावं.